मुंबई मिळाली, घर कुठे आहे?

(केडगाव, तालुका दौंड, येथे गिरणी कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय साधा आहे. चार भिंती, वर छप्पर, आत एक चूल आणि दाराला आपले स्वतःचे कुलूप. एवढ्यासाठी आपण जमलो आहोत. "घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून" असे आपली जुनी माणसे म्हणत. पण त्या म्हणीतल्या माणसाच्या पायाखाली निदान स्वतःची जागा होती. दगड-माती, लाकूडफाटा जमवताना त्याचा जीव मेटाकुटीला येई, एवढेच. शहरातल्या कामगाराची गोष्ट वेगळी. तो जन्मभर दुसऱ्याच्या अंगावरचे कापड विणतो आणि स्वतःला पाठ टेकायला सहा फूट जमीन मिळत नाही. मेल्यावर मिळते, जिवंतपणी मिळत नाही!

कोणी विचारील, गिरण्या मुंबईच्या, मग सभा केडगावला कशासाठी? आम्ही सांगतो. गिरणी मुंबईची होती, पण गिरणीत उभा राहिलेला माणूस मुंबईत उगवला नव्हता. तो कोकणातून बोटीने आला, घाटावरून रेल्वेने आला. पाऊस रुसला, सावकाराने जमीन गिळली, की दौंड-शिरूरकडचा गडी ट्रंक आणि वळकटी घेऊन गाडीत बसायचा. बायको-पोरे मागे गावाला. महिन्याची मनिऑर्डर आली की इथली चूल पेटायची. म्हणजे मुंबईचा भोंगा वाजायचा तिकडे, आणि त्याच्यावर घर चालायचे इकडे. तेव्हा मुंबईच्या घराचा प्रश्न हा केडगावचाही प्रश्न आहे.

आणि छप्पर म्हणजे काय हे केडगावाला कोणी शिकवायला नको. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी, निराधार बायका-मुलींना याच गावात आणले. मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमाराला तिथे दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते. एक बाई, हाताशी मोजकी साधने, भोवती माळरान, आणि तरी दोन हजारांना आसरा मिळाला. मग आम्ही विचारतो, ज्या मुंबईने अख्ख्या देशाला कापड नेसवले, त्या मुंबईला आपल्या कामगारांना आसरा देता येऊ नये?

गिरणी आली, घर आले नाही

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली. पुढे चिमण्यांचे रान उठले. परळ, लालबाग, नायगाव, वरळी, शिवडी, डिलाईल रोड. कामगार लागले हजारांनी, पण हे हजारो राहणार कुठे, याचा विचार ना मालकाने केला, ना सरकारने. १८९६ ला प्लेग आला आणि साहेबाला एकदम आठवले की कामगारालाही फुप्फुस असते. १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. १९२० ला डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याच्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. एकूण २०७ चाळी, चाळीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची.

आता नीट ऐका. खोल्या सोळा हजारांवर, आणि त्या काळात नुसत्या गिरण्यांत कामगार दीड लाखाच्या घरात. बाकीचे कुठे गेले? ते खासगी चाळीत गेले. एका खोलीत गावचे दहा-पंधरा गडी. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच पथारीवर पडायचा. जेवण खानावळीत, अंघोळ सार्वजनिक नळावर, सामान दोरीवर आणि झोप जिन्याखाली. ज्याने बायको आणली त्याने लुगड्याचा पडदा लावून संसार केला. आपल्यातल्या पुष्कळांचा जन्म त्या पडद्याआडचाच आहे. त्याची लाज आम्हाला नाही. लाज त्यांना वाटावी, ज्यांनी त्या पडद्यापलीकडे कधी पाहिले नाही.

१९४७ च्या भाडे कायद्याने भाडी बांधली. खोलीत असलेल्याला त्याचा मोठा आधार झाला, हे कबूल केलेच पाहिजे. पण बाहेर उभ्या असलेल्याला दार उघडले नाही. त्याच्यासाठी पागडी आली. भाडे कायद्यात बसणारे आणि पागडी खिशात न बसणारी! बदली कामगाराने ती कुठून आणायची? सकाळी गेटावर उभे राहायचे, नंबर लागला तर रोज, नाही लागला तर चहावर दिवस.

रक्त कामगाराचे, जमीन कोणाची?

१९५५ साल आठवा. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचे घाटत होते. त्या वेळी "मुंबईत तुमचे आहे काय?" असे मराठी माणसाला हिणवले जाई. गिरण्या दुसऱ्यांच्या, पेढ्या दुसऱ्यांच्या, इमारती दुसऱ्यांच्या. कामगाराने उत्तर दिले, आमचा घाम आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरणगावातून लोंढे निघाले, फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पुढच्या जानेवारीत पुन्हा गोळ्या चालल्या. त्या लढ्यात शंभरावर माणसे पडली. त्यांत बंगलेवाले किती आणि खोलीवाले किती, हे हुतात्म्यांची यादी वाचून आपणच पाहा. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. तोही कामगार दिनाला.

राज्य झाले याचा आम्हाला अभिमान आहे, तो कोणी हिरावून घेऊ नये. पण राज्य म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे. ज्याच्या जोरावर मुंबई राज्यात राहिली, तोच मुंबईबाहेर ढकलला गेला तर त्या रेघेचा त्याला उपयोग काय? मुंबई मिळाली, घर कुठे आहे, हा प्रश्न तेव्हा राहिला तो आजही तसाच उभा आहे.

संप, आणि संपानंतरची जमीन

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्या संपाचा इतिहास सांगायला वेगळी सभा लागेल. इथे एवढेच सांगतो की, यंत्रे थंड पडली, कामगार देशोधडीला लागला आणि मालकाला एके दिवशी शोध लागला की, कापडापेक्षा कापडाखालची जमीन महाग आहे! गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर, आणि तीही शहराच्या ऐन काळजात.

१९९१ साली नियम झाला. गिरणीची जमीन विकायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. नियम वाईट नव्हता. पण २००१ ला त्यात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते सगळ्या जमिनीचे नव्हेत, फक्त मोकळ्या जमिनीचे. एका शब्दाचा फरक. तो आपल्या भाषेत मांडून दाखवतो. समजा गिरणी १५ एकरांची आहे. १२ एकरांवर शेड, गोदामे, साचेखाता, आणि मोकळे अंगण ३ एकर. जुन्या नियमाने घरांना सुमारे ५ एकर मिळायचे. नव्या नियमाने मिळणार एकच एकर. बारा एकरांवरच्या शेडी पाडून तिथे मनोरा उठला, तरी हिशेब अंगणाचाच! वाडा सगळा थोरल्याचा, धाकट्याच्या वाट्याला अंगणाचा तिसरा हिस्सा, असे वाटप गावात कोणा पंचाने केले असते तर त्याला चावडीवर बसू दिले असते का?

प्रकरण कोर्टात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल दुरुस्तीच्या विरुद्ध लागला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती कायम ठेवली. कोर्टाचा निकाल तो निकाल. पण कायदा कोर्ट करत नाही, राज्य करते. आणि राज्य आम्ही केलेले आहे.

आता एकच गिरणी घ्या. मुंबई टेक्स्टाइल मिल ही सरकारी महामंडळाची गिरणी. २००५ साली ती जमीन ७०२ कोटींना विकली गेली. २०१२ साली तीच जमीन विकणाऱ्याला २,७०० कोटींच्या वर किंमत आली. सात वर्षांत जवळजवळ २,००० कोटी वाढले. त्या सात वर्षांत तिथे सुताचा एक धागा निघाला नाही. मग हे दोन हजार कोटी कोणाच्या हाताने आले? जमिनीला पान फुटत नाही की कणीस लागत नाही. भाव वाढला तो भोवताली शहर होते म्हणून. रेल्वे होती, रस्ते होते, पाणी होते, लाखो माणसांनी शंभर वर्षे राबून उभा केलेला व्यापार होता म्हणून.

ही गोष्ट मनात पक्की करा, कारण घराच्या महागाईचे मूळ इथेच आहे. वीट, सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी यांत परळ आणि केडगाव यांच्यात थोडाफार फरक असेल. पण तेवढेच घर केडगावला लाखांत आणि परळला कोटीत जाते, ते विटेमुळे नाही, जमिनीमुळे. आणि जमिनीची ती किंमत आपण सगळ्यांनी मिळून तयार केलेली असते. भाजी पिकवायची सगळ्यांनी आणि पाटी उचलायची एकाने, हा कसला न्याय?

सोडतीचा हिशेब

घरासाठी गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आले सुमारे पावणेदोन लाख. पहिली मोठी सोडत २०१२ ला, ६,९२५ घरांची. मग २०१६ च्या दोन सोडती, त्यांतली एक पनवेलजवळच्या कोनची. मग २०२० ला ३,८९४ घरे. या सगळ्या सोडती मिळून घरे झाली १६ हजारांच्या आतच. म्हणजे अकरा अर्जदारांमागे एक घर. दहा जणांनी पेढे वाटायचे कोणाचे?

मघाचे दोन हजार कोटी आठवतात ना? २०१६ आणि २०२० ला मुंबईतल्या सोडतीच्या घरासाठी कामगाराकडे किंमत मागितली साडेनऊ लाख. दोन हजार कोटींना साडेनऊ लाखांनी भागा. उत्तर येते २१ हजार. एका गिरणीच्या जमिनीचा सात वर्षांचा वाढावा हा तेवढ्या घरांच्या किमतीएवढा. आजवरच्या सगळ्या सोडतींतल्या घरांपेक्षा जास्त!

बरे, साडेनऊ लाख म्हणजे बाजारापेक्षा स्वस्तच आहे, असे आम्हाला सांगतात. स्वस्त खरे, पण कोणाला? २०१४ साली प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली किमान पेन्शन ठरली महिना १,००० रुपये. ती सगळीच्या सगळी बाजूला टाकली, अन्नपाणी, औषध सोडले, तर साडेनऊ लाख जमायला ७९ वर्षे लागतात. सत्तरीतल्या म्हाताऱ्याला कोणती बँक कर्ज देईल? मग नंबर लागलेले घर हातचे जाऊ नये म्हणून गावची जमीन विकतात, दागिने मोडतात, नाहीतर "पैसे आम्ही भरतो, कागदावर सही कर" म्हणणारा दलाल दारात उभाच असतो. आवळा देऊन कोहळा काढणारी ही जात आहे. बंधूंनो, तिच्यापासून सावध राहा.

कोनच्या घरांचे तर काय सांगावे! ती मुळात भाड्याने द्यायची म्हणून १६० चौरस फुटांची बांधलेली होती. दोन जोडून ३२० ची केली. १६० हा आकडा ओळखीचा वाटतो ना? बीडीडीची खोली तीच. शंभर वर्षांत चंद्रावर माणूस गेला, कामगाराची खोली १६० फुटांवरच राहिली. २०१६ ला सोडत झाली, मग करोनाच्या साथीत त्या इमारती विलगीकरणाला गेल्या, मग दुरुस्त्या निघाल्या. सोडतीनंतर किल्ली हाती यायला सात-सात वर्षे लागली. तोवर काही जण किल्लीऐवजी वरचे बोलावणे घेऊन गेले.

मार्च २०२४ च्या सरकारी निर्णयानंतर शेलू-वांगणीकडे घरे देण्याची योजना पुढे आली. मुंबईपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. ज्याला तिथे जायचे त्याने खुशाल जावे, त्याला आम्ही आडवे येणार नाही. पण त्या निर्णयाच्या १७ व्या कलमात, घर नाकारले तर हक्कच जाईल, असे लिहिले होते. घर देणे ही गोष्ट वेगळी आणि "घे, नाहीतर चालू लाग" ही गोष्ट वेगळी. म्हणून ९ जुलै २०२५ ला म्हातारी माणसे, विधवा बाया आझाद मैदानात येऊन बसल्या. हौसेने कोणी त्या वयात पावसात बसत नाही.

करायचे म्हटले तर होते

"जागा नाही, पैसा नाही, जमणार नाही." हे तीन नकार आपण लहानपणापासून ऐकले. जमलेली तीन ठिकाणे सांगतो.

युरोपात व्हिएन्ना शहर आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथला कामगार आपल्याच कामगारासारखा कोंडलेला होता. १९२३ ला नगरपालिकेने घरांसाठी खास कर बसवला. गरिबाला नावाला, बंगलेवाल्याला भरपूर. १९३४ पर्यंत ६० हजारांवर घरे बांधली आणि ती विकली नाहीत, माफक भाड्याने दिली.

दुसरे सिंगापूर. १ फेब्रुवारी १९६० ला तिथे गृहनिर्माण मंडळ निघाले. आपले राज्य जन्मले त्याच्या तीनच महिने आधी. त्यांनी १९६६ ला कायदा करून जमीन सरकारच्या हाती आणली, सट्टेवाल्याच्या हाती जाऊ दिली नाही. आज तिथल्या दर दहा रहिवाशांतले जवळजवळ आठ त्या मंडळाने बांधलेल्या घरात राहतात. एकाच वर्षी दोघांनी सुरुवात केली. ते कुठे, आपण कुठे?

कोणी म्हणेल, परदेशाच्या गोष्टी नकोत. बरे, आपल्या याच रेल्वेने पुढे सोलापूरला चला. तेही गिरण्यांचे गाव. तिथे विडी कामगार बायांनी नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, १० हजार घरांची. मग त्याच कुंभारीत रे नगरची ३० हजार घरांची योजना आखली. विडी, यंत्रमाग, असंघटित कामगारांसाठी. पायाभरणी जानेवारी २०१९ ला आणि पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि कामगाराचाही. पक्ष निरनिराळे, पण मागणी एक आणि पाठपुरावा एक. विडी वळणाऱ्या बाईला जे जमले, ते साचा चालवणाऱ्याला जमणार नाही?

आता पाळी आपल्या दाराशी

केडगावकरांनो, हे सगळे दूरचे आहे असे समजू नका. कुरकुंभला कारखाने आले, शिरूर तालुक्यात रांजणगावला आले. पुणे पसरत पसरत सोलापूर रस्त्याने आपल्याकडे सरकते आहे. गिरणीवाल्याचा नातू आज या कारखान्यांत कंत्राटावर आहे. चार पोरे मिळून एक पत्र्याची खोली, पाळीपाळीने झोप. ऐकलेले वाटते ना? आजोबाची पथारी नातवाकडे आली. कारखान्याला जमीन मिळाली, पाणी मिळाले, वीज मिळाली, कामगाराच्या घराचा नकाशा मात्र कोणी काढलाच नाही. परळला १८५४ नंतर जे झाले, तेच इथे होऊ द्यायचे का?

दुसरीकडे रस्त्याकडेला पाट्या लागतात, "गुंठ्याने प्लॉट, सुलभ हप्ता". गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. जन्माची पुंजी द्यायच्या आधी चार गोष्टी पाहा. सातबारावर तुमचे स्वतंत्र नाव लागणार की सामाईकात दहा-वीस जणांबरोबर लोंबकळणार? जमीन बिनशेती झाली आहे का? जायला नकाशावर रस्ता आहे का, की नुसता तोंडी? पाणी कुठले? ही चार उत्तरे कागदावर मिळाली नाहीत तर पैसे कमरेलाच राहू द्या.

आणि ज्यांचे गिरणीच्या घराचे अर्ज आहेत त्यांनी घरच्या ट्रंका उघडाव्यात. तिकीट नंबर, हजेरीचे कार्ड, पगाराची पावती, फंडाचा कागद, विमा योजनेचे कार्ड, सर्व्हिसचा दाखला, जे सापडेल ते प्लास्टिकात घालून ठेवा. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुमचा माणूस गिरणीच्या हजेरीवर होता, हे त्या जीर्ण कपट्यावरूनच ठरते. वारसाच्या भांडणात घर घालवू नका. लेकीचा आणि सुनेचा हक्क बुडवू नका. वळकटीवाला मुंबईत असताना इथली शेती, म्हातारी माणसे आणि पोरे याच बायांनी सांभाळली. म्हणून घराच्या कागदावर बाईचे नाव असलेच पाहिजे.

आमच्या मागण्या अशा आहेत :

१. गिरणीच्या उरलेल्या जमिनीतून घरांचा वाटा पुरता मोजून घ्या. मोजणी उघडपणे, कामगारांच्या समोर करा.

२. पात्र ठरलेल्या प्रत्येकाला घर कोणत्या साली मिळणार, त्याची तारखेसह यादी लावा. मुंबईबाहेरचे घर नाकारले म्हणून कोणाचा हक्क कधीही जाता कामा नये.

३. किंमत कामगाराच्या ऐपतीवर ठरवा. म्हाताऱ्यांना आणि विधवांना कर्जाची हमी सरकारने द्यावी, किंवा माफक भाड्याचे घर द्यावे.

४. जिथे नवी औद्योगिक वसाहत, तिथे कामगारांची वसाहत. कुरकुंभ-रांजणगावपासून सुरुवात करा. कारखान्याच्या नकाशाबरोबर घरांचा नकाशा मंजूर झाला पाहिजे.

५. शहर वाढल्याने जमिनीचा जो भाव वाढतो, त्यातला वाटा घरबांधणीच्या खात्यात जमा करा.

आम्ही फुकट काही मागत नाही. शंभर वर्षे आगाऊ भरणा केलेला आहे. कोणी कापूस छातीत भरून घेऊन भरला, कोणी फाउंटनला रक्त सांडून भरला. पावती आमच्याकडे आहे, माल मिळायचा राहिला आहे.

मुंबई घेतली ती कोणी ताटात वाढून दिली म्हणून नाही. गावोगाव सभा झाल्या, दारोदार माणसे गेली, म्हणून मिळाली. घरही तसेच मिळेल. उद्या आपल्या आळीतल्या अर्जदारांची यादी करा. कोण हयात, कोण गेला, वारस कोण, कागद कोणता, सगळे एका वहीत लिहा. ती वही घेऊन पुढच्या सभेला या. घोषणा आम्ही देऊ, पण सरकारपुढे जोर चालतो तो वहीचा.

कामगाराचे घर झालेच पाहिजे!
जय महाराष्ट्र!